साहेबांनी एकदाच विचारलं

बारामतीत एका खताच्या दुकानाच्या माडीवर माझा क्लास चालायचा. खाली युरिया, वर इंग्रजी. पाटीवर रंगवून घेतलं होतं, ‘साठ दिवसांत इंग्रजी बोला’. माझे सासरे, ज्यांना घरचे आणि सगळं जळोची गाव आबा म्हणायचं, त्यांनी पाटी नीट वाचली आणि म्हणाले, “साठ दिसांत भेंडी तोडायला येती. इंग्रजीचं आपल्याला ठावं न्हाय.” भेंडीच्या बाबतीत आबांचा शब्द शेवटचा. इंग्रजीच्या बाबतीतही तेच खरे निघाले, पण तोवर रंगारी पाटी टांगून गेला होता.

दिवाळी अंकासाठी क्लासबद्दल लिहा असा निरोप आला, तेव्हा वाटलं, यात लिहिण्यासारखं काय आहे? मी कुठल्या कॉलेजात प्राध्यापक नव्हते. इंग्रजी घेऊन बी.ए. झाले, लग्न होऊन भाजीपाल्याच्या घरात आले, आणि वांगी-दोडक्याच्या तोड्यातून वेळ काढून सात-आठ वर्षं लोकांना इंग्रजी बोलायला शिकवलं. पण मग ‘आय वॉन्ट टू’ने सुरू होणारी इतकी वाक्यं आठवायला लागली की म्हटलं, लिहावंच.

काळ नव्वदनंतरचा. आमच्या भागातली द्राक्षं परदेशी जायला लागली होती, इंदापूरकडे लोणी देवकरला कारखान्यांच्या शेड उभ्या राहत होत्या, आणि अचानक जो तो इंग्रजीच्या मागे लागला होता. बागायतदार यायचे, औषध कंपन्यांचे सेल्समन यायचे, नर्सिंगच्या मुली यायच्या. बसायला बाकं नव्हती म्हणून आबांनी टोमॅटोचे क्रेट दिले होते. ते उलटे घालायचे आणि त्यावर बसायचं. तासाभराने उठलेल्या माणसाच्या पँटवर मागे जाळी उमटलेली असायची. बाजारात कुणाच्या पँटवर जाळी दिसली की लोक ओळखायचे, हा इंग्रजीला जातोय.

एक आजोबा आले होते, त्यांना फक्त रागवायला शिकायचं होतं. नातू इंग्रजी शाळेत, मराठीतली शिवी त्याला लागत नाही, असं त्यांचं म्हणणं. पंधरा दिवस घासून त्यांनी एक वाक्य बसवलं: ‘आय वॉन्ट टू बीट यू, बट आय ॲम ओल्ड.’ नातू ऐकून इतका हसला की आजोबा स्वतःच रागवायचं विसरले. पुढे ते नुसते गप्पा मारायला येत राहिले. मी त्यांना एक क्रेट कायमचा देऊन टाकला.

आता धंद्यातली गोष्ट सांगते. इंग्रजी बोलताना आपली माणसं शब्दांवर अडत नाहीत. शब्द असतात त्यांच्याजवळ. अडतं ते जोडताना. ‘गो’ माहीत असतं, ‘होम’ माहीत असतं, ‘सिक’ माहीत असतं. पण ‘मला घरी जायचंय कारण मी आजारी आहे’ म्हणायला गेलं की तिन्ही शब्द तीन दिशांना पळतात. व्याकरणाच्या पुस्तकात या जोडकामाला मोठमोठी नावं आहेत. ती मी फळ्यावर लिहायचे, माणसं वहीत उतरवून घ्यायची आणि दुसऱ्या दिवसापासून यायची बंद व्हायची.

एकदा घरी आबा ठिबकच्या नळ्या जोडत बसले होते. त्यांच्या हाताकडे बघता बघता मला सुचलं, आणि दुसऱ्या दिवशी मी काळ्या नळीचे तुकडे आणि मूठभर जॉइनर घेऊनच क्लासला गेले. एक तुकडा म्हणजे ‘आय वॉन्ट’. त्याच्यापुढे ‘टू’, आणि ‘टू’च्या पुढे क्रियापद साधं, कोरं. त्याला शेपूट नको, भूतकाळ नको. ‘टू गो’ म्हणायचं. ‘टू गोइंग’ नाही आणि ‘टू वेन्ट’ तर मुळीच नाही. झाली एक लाइन. आता जॉइनर: ‘अँड’, ‘बट’, ‘बिकॉज’, ‘इफ’. जॉइनरला दोन्ही बाजूंनी नळी लागते, नाहीतर पाणी भलतीकडे जातं. त्यातला ‘अँड’ स्वभावाने गरीब. ‘आय वॉन्ट टू सिट अँड ईट’ म्हटलं की मागच्या एकाच ‘टू’वर दोन्ही कामं भागतात. ‘बिकॉज’ मात्र मानी पाहुणा. त्याला पलीकडे स्वतःचा ‘आय’ लागतो, पूर्ण वाक्य लागतं. कुणी मध्येच अडलं की मी दोन मुठी समोरासमोर धरून एकमेकींना भिडवायचे, नळी जॉइनरमध्ये बसवतात तशा. तो क्लासचा इशारा झाला. इशारा दिसला की समजायचं, पुढचा ‘आय’ आण.

पद्धत चालली. इतकी चालली की मला गर्व झाला, आणि गर्वाचं घर खाली असतं हे दाखवायला लोणी देवकरचा एक कारखाना पुरला. पुठ्ठ्याचे खोके बनवायचा कारखाना. द्राक्षं परदेशी जायची तर त्यांना खोके लागायचेच. तिथं भरती निघाली, माझ्याकडची अकरा पोरं मुलाखतीला गेली. मी त्यांच्याकडून एक उत्तम वाक्य घोटून घेतलं होतं: ‘आय वॉन्ट टू जॉइन युवर कंपनी, बिकॉज आय वॉन्ट टू लर्न न्यू थिंग्ज.’ चौथ्या पोरापर्यंत मॅनेजरनी ऐकून घेतलं. सातव्याला ते स्वतःच त्याच्याबरोबर म्हणायला लागले. संध्याकाळी त्यांनी खताच्या दुकानात फोन लावून मला माडीवरून फोनवर बोलावून घेतलं. “बाई,” ते म्हणाले, “तुमची अकराच्या अकरा मुलं एकाच नळीतून आल्यासारखी आली. यातला कुणाला खरंच यायचंय, ते मी कसं ओळखू?” दोघांनाच घेतलं त्यांनी. उरलेल्या नऊ जणांच्या तोंडाकडे मला आठवडाभर बघवेना. दोष त्यांचा नव्हता.

त्या दिवशी मी नियम केला. माझ्या क्लासमध्ये प्रत्येकाने आपल्या मनातलं, खरं वाक्य बनवायचं. ‘आय वॉन्ट टू’च्या पुढे तुला खरोखर जे पाहिजे ते, आणि ‘बिकॉज आय’च्या पुढे खरं कारण. उसनं वाक्य चालणार नाही. आणि हा नियम केल्यावर वर्षभरात मला बिरूतात्या भेटले.

मंगळवारी आणि शुक्रवारी मी इंदापूरला एक बॅच घ्यायचे, सकाळी दहाची, तिथंही क्रेटवरच. बारामतीहून एसटीने जायचं. वाटेत लासुर्ण्याला बिरूतात्या त्याच गाडीत चढायचे. पंचेचाळिशीचा उंच, काटक माणूस. अंगावर खाकी वर्दी, कारण तेही त्या खोक्यांच्या कारखान्यात होते, गेटवर वॉचमन. पाळी दुपारी बाराला लागायची, त्याआधी ते क्लास करायचे. घरचा धंदा मेंढरांचा. बावीस वर्षं ते कळपामागे हिंडले होते. चरायची रानं उसाखाली गेली, कळप आटत आटत गेला आणि तात्या गेटवर आले. शिक्षण सातवी. पण कान असा की मी एकदा म्हटलेलं वाक्य ते जसंच्या तसं परत करायचे. जोडकामात तर पहिला नंबर. त्यांचा जॉइनर कधी गळायचा नाही.

फक्त वाक्यं. काय सांगू त्या वाक्यांबद्दल! बाकीचे लाजत-अडखळत ‘आय वॉन्ट टू बाय अ बुलेट’ वगैरे म्हणायचे, आणि बिरूतात्या उठून खड्या आवाजात सांगायचे, “आय वॉन्ट टू गो टू अमेरिका, बिकॉज आय लाइक स्नो.” सगळी बॅच खो खो हसायची. पुढच्या वेळी, “आय वॉन्ट टू बाय ॲन एलिफंट, बट आय हॅव स्मॉल डोअर.” जोडकाम चोख, पण मनातलं एक अक्षर नाही. मला वाटलं, हा माणूस माझी थट्टा करतोय. मी रागीट आहे हे घरात सगळ्यांना माहीत आहे, क्लासलाही तेव्हा कळलं. “तात्या,” मी म्हटलं, “वयाने मोठे आहात म्हणून सोडते. खरं वाक्य येत नाही तोवर तुम्ही मागच्या क्रेटवर बसायचं.” ते मागे जाऊन बसले. त्या प्रसंगाची मला अजून लाज वाटते.

त्यांच्या मनात काय होतं, ते मला मॅनेजरांकडून कळलं, आणि तेही उशिरा. कारखान्यात परदेशातून एक नवीन मशीन आलं होतं. ते बसवायला एक परदेशी इंजिनिअर आला होता, त्याला सगळे नुसतं साहेब म्हणायचे. मशीनची चाचणी चालू असताना बिरूतात्या गेटवरून आत आले आणि मॅनेजरना म्हणाले, “सायेब, मशीन खोकतंय. ढास लागल्याल्या मेंढरावानी.” कुणी लक्ष दिलं नाही. तिसऱ्या दिवशी बेअरिंग गेलं. मॅनेजर गुणी माणूस. त्यांनी साहेबाला सांगितलं, मशीनवर जे चार जण निवडायचेत त्यांच्या यादीत आमच्या वॉचमनचंही नाव घ्या. साहेब इंग्रजीत मुलाखत घेणार, शुक्रवारी संध्याकाळी चार नावांवर सही करून पंधरा दिवसांसाठी मायदेशी जाणार आणि परत आल्यावर त्या चौघांना स्वतः शिकवणार, असं ठरलं.

मुलाखत बुधवारी झाली. गुरुवारी खताच्या दुकानात फोन आला. मॅनेजर होते, आणि हे सगळं त्यांनी तेव्हाच सांगितलं.

“बाई, अभिनंदन. तुमच्या माणसाचं इंग्रजी अकरा पोरांपेक्षा सरस आहे.”

“मग झालं का काम?”

“साहेबांनी विचारलं, डू यू वॉन्ट टू वर्क ऑन धिस मशीन? तुमचे तात्या म्हणाले, नो सर. आय डू नॉट वॉन्ट टू वर्क ऑन मशीन, बिकॉज आय ॲम हॅपी ॲट गेट. काय जोडकाम! साहेबांनी फुली मारली.”

मी फोन ठेवला आणि युरियाच्या पोत्यावर बसले.

शुक्रवारी लासुर्ण्याला ते चढले, तेव्हा मी शेजारची जागा राखून ठेवली होती. बसल्या बसल्या विचारलं, “तात्या, मशीनवर काम पाहिजे का नको?”

ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, “काय करायचं बाई मशीन. गेट बरं हाय.”

“आणि मग गेटवरून त्याचा खोकला कसा ऐकू आला तुम्हाला?”

गाडी एका थांब्यावर थांबली, दोन बायका कोथिंबिरीची गाठोडी घेऊन चढल्या, कंडक्टरने घंटी मारली, तेव्हा कुठे त्यांनी तोंड उघडलं.

“बाई, मनातलं बोलून दावलं की दृष्ट लागती. आमच्या थोरल्या भावानं भर बाजारात सांगितलं हुतं, यंदा कळप दुप्पट करतो. त्याच महिन्यात रोग आला. निम्मी मेंढरं गेली. तवापास्नं मी तोंडाला कुलूप घातलंय. ज्ये पायजे त्ये बोलायचं न्हाय. म्हणून तुमच्या वर्गात हत्ती घेतला. हत्तीला दृष्ट लागली तर लागू दे.”

मी हसायला लागले आणि हसता हसता थांबले. कारण यात नवीन काय होतं? आबा कमरेइतक्या वांग्यात उभे असायचे, वांगी अशी की एका हातात एकच मावावं, आणि कुणी विचारलं तर म्हणायचे, “काय खरं न्हाय यंदा.” माझ्या धाकट्या दिराचं नाव दगडू. गोऱ्यापान, गुटगुटीत पोराचं नाव दगडू. मी त्याच घरात राहत होते आणि तात्यांना मागच्या क्रेटवर बसवत होते.

“पण मुलाखतीत तरी ‘येस’ म्हणायचं होतं, तात्या.”

आता ते माझ्याकडे वळले. खरा राग होता चेहऱ्यावर. “म्हणणारच हुतो की! पण सायबानं एकदाच इचारलं, बाई! पाव्हण्याला जेवायचं इचारलं तर पाव्हणा पयल्यांदा व्हय म्हणतो का? नगं म्हणतो. मग आपुन परत इचारतो, मग परत. मला वाटलं शिकल्याला माणूस हाय, तेवढं कळत असंल. त्यानं एकदा इचारलं अन फुल्ली मारली!”

नळ्या-जॉइनर सगळं शिकवलं, पण इंग्रजीत एकदाच विचारतात, हे सांगायचं राहून गेलं होतं.

“मी आज येते तुमच्याबरोबर. मॅनेजरना सांगते, साहेबाला समजावतील ते,” मी म्हटलं.

“नगं बाई. ऱ्हाऊ द्या.”

“हे ‘नगं’ खरं का खोटं?”

ते परत खिडकीबाहेर बघायला लागले. मी काय समजायचं ते समजले.

क्लास आटोपून आम्ही लोणी देवकरला पोचलो तर मॅनेजर पुण्याला गेलेले. तात्या पाळीवर चढले, मी त्यांच्या केबिनच्या सावलीत स्टुलावर बसले. वाट बघत मी मनात वाक्य जुळवत होते. सुरेख वाक्य होतं, दोन ‘दॅट’, एक ‘बिकॉज’. चार वाजता साहेबाची जीप आतून आली. साहेब लालबुंद, घाईत, मांडीवर कागदांची फाइल. गेटवरचा आडवा बांबू तात्यांनी उचलायचा होता. त्यांनी तो उचललाच नाही. मी पुढे झाले.

“येस?” साहेब म्हणाला.

“आय हॅव कम टू,” मी म्हणाले. आणि थांबले.

इथं मला एक गोष्ट कबूल केली पाहिजे. इतकी वर्षं ‘इंग्रजी बोला’ची पाटी लावून बसलेली मी, परदेशी माणसाशी आयुष्यात एक वाक्य बोलले नव्हते. जे माझ्यापेक्षा कमी जाणतात त्यांच्याशीच मी बोलले होते. साहेबाने भुवया उंचावून, भरभर काहीतरी विचारलं. त्यातला एक शब्द मला कळला नाही. “आय हॅव कम टू,” मी पुन्हा म्हणाले. टू काय? बी.ए.ची पदवी, फळा, काळ्या नळ्या, सगळं कुठंतरी वाहून गेलं होतं.

जीपच्या पलीकडे तात्या उभे होते. त्यांनी दोन मुठी वर करून समोरासमोर धरल्या आणि हळूच एकमेकींना भिडवल्या. माझाच इशारा. पुढचा ‘आय’ आणा, बाई. मला तो दिसत होता, पण येत काहीच नव्हतं. डोळ्यांत पाणी मात्र यायला लागलं होतं.

साहेबाने घड्याळ बघितलं आणि तात्यांना विचारलं, “व्हॉट डज शी वॉन्ट?”

तात्यांनी माझ्याकडे बघितलं. मग जीपकडे. मग आत शेडकडे, जिथं मशीन होतं. त्यांची मान ताठ झाली, आणि क्लासमध्ये हत्ती विकत घेताना लागायचा त्याच खड्या आवाजात ते बोलले.

“सर, शी वॉन्ट टू टेल यू, आय वॉन्ट टू वर्क ऑन मशीन. आय से नो, बट आय वॉन्ट. आय वॉन्ट टू वर्क, बिकॉज आय हिअर मशीन ऑल डे, अँड आय कॅनॉट टच.”

काय ते वाक्य! दिवसभर आवाज ऐकतो आणि हात लावता येत नाही. मी शिकवलेलं नव्हतं ते, आणि आजवर माझ्या क्लासमध्ये तसं वाक्य झालेलंही नव्हतं.

साहेबाच्या कपाळावर आठ्या पडल्या. “देन व्हाय डिड यू से नो?”

“यू आस्क वन टाइम, सर,” तात्या म्हणाले. “इन माय हाऊस, थ्री टाइम.”

साहेब फाइल बाजूला ठेवून जीपमधून खाली उतरला. तात्यांच्या समोर उभा राहिला आणि एक बोट वर केलं. “डू यू वॉन्ट टू वर्क ऑन माय मशीन?” तात्या जमिनीकडे बघत राहिले. साहेबाने दुसरं बोट वर केलं आणि पुन्हा तेच विचारलं. तात्यांनी मिशी चाचपली. तिसरं बोट वर झालं.

“येस सर,” तात्या म्हणाले. एवढ्या हळू की जीपच्या इंजिनात ते जवळजवळ बुडालं.

साहेबाने बॉनेटवर फाइल टेकवून तिथंच एक नाव खोडलं आणि एक लिहिलं. मग तात्यांकडे बघून बांबूकडे बोट दाखवलं. तात्यांनी तो अगदी थाटात उचलला. जीप गेल्यावर मात्र ते मटकन केबिनच्या पायरीवर बसले. “बोललो बाई,” ते म्हणाले. “आता दृष्ट लागणार.” मी म्हटलं, “मी मागच्या क्रेटवर बसवलं होतं ना तुम्हाला? मंगळवारपासून तिथं मी बसते.” पण ते ऐकतच नव्हते, शेडकडे बघत होते.

दृष्टीचा बंदोबस्त त्यांनी केलाच. साहेब परत आला तेव्हा त्याच्या चकचकीत मशीनच्या एका कोपऱ्यात काळ्या दोऱ्याने एक जुनी चप्पल लटकलेली होती. साहेब म्हणे तिच्याभोवती दोन फेऱ्या मारून गेला, पण काढ म्हणाला नाही. मॅनेजर मला नंतर सांगत होते की त्या मशीनचं काही बिघडायच्या आधी चार दिवस तात्या सांगायचे, आणि त्यांनी सांगितलं की साहेबसुद्धा पाना शोधायला लागायचा. खोडलेलं नाव कुणाचं होतं, ते मी कधी विचारलं नाही. त्याचाही कुणीतरी विचार करायला हवा होता, हे मला फार उशिरा सुचलं.

क्लास पुढे तीन-चार वर्षं चालला. मग गावात कॉम्प्युटरचे क्लास निघाले, थंड काचेच्या खोल्यांमध्ये. टोमॅटोच्या क्रेटवर कोण बसणार? खताच्या मालकालाही माडी गोदामासाठी पाहिजे होती. शेवटच्या महिन्यात पाच जण उरले. भेटेल तो विचारायचा, क्लास बंद करताय म्हणे? मी हसून सांगायचे, “बरंच झालं. सुटले एकदाची. आता निवांत झोपेन.” आबांनाही हेच सांगितलं. आबा मान हलवून म्हणाले, “व्हय व्हय. काय खरं न्हाय यंदा.” मी लक्ष दिलं नाही.

पाटी उतरवायच्या दिवशी बिरूतात्या आले. खाकी जाऊन आता निळा शर्ट, खिशाला स्क्रू ड्रायव्हर. काखेत एक पिशवी होती, तिच्यातून त्यांनी घोंगडी काढली. काळी, जाड, काठाला बारीक पांढरी रेघ.

“शेवटच्या कातरणीच्या लोकरीची हाय,” ते म्हणाले. “कळप मोडला त्या टायमाची. काय लई चांगली न्हाय. जाडीभरडी हाय.”

म्हणजे ती उत्तमातली उत्तम होती, हे आता मला कळत होतं. “अहो तात्या, कशाला? नको,” मी म्हटलं.

“बरं,” तात्या म्हणाले आणि घोंगडीची घडी घालून ती परत पिशवीत ठेवायला लागले.

मी बघतच राहिले. “तात्या!”

“सायबाच्या हाताखाली ऱ्हाऊन सवय लागलीय बाई. आता एकदाच इचारतो.” डोळ्यांत हसू होतं, पण हात थांबला नव्हता. पिशवीचं तोंड ते खरोखरच बांधायला लागले होते.

“आय वॉन्ट टू कीप इट,” मी घाईने म्हणाले.

त्यांचा हात थांबला. पिशवी खाली ठेवून त्यांनी दोन मुठी समोरासमोर धरल्या आणि वाट बघत उभे राहिले. खाली दुकानात कुणीतरी पोती मोजत होतं. भिंतीशी उलटे क्रेट रचलेले होते, आणि फळ्यावर माझंच अक्षर अजून पुसायचं राहिलं होतं.

“बिकॉज आय,” मी म्हणाले. आणि अडले. त्यांनी मुठी हलवल्या नाहीत, घाईही केली नाही.

“बिकॉज आय डू नॉट वॉन्ट टू क्लोज द क्लास.”

तात्यांनी मुठी भिडवल्या, घोंगडी काढून माझ्या खांद्यावर टाकली आणि म्हणाले, “आता बसलं बगा वाक्य.”